प्रवाळाची टाकी हाताने बांधताना: परवानगीपासून डोसरपर्यंत

घरात प्रवाळ वाढवावेत असं मनात आहे, पण वाचायला बसलं की पंप, पाइप, रसायनं आणि आकडे यांच्या गर्दीत छाती दडपते, अशांसाठी हे लिहिते आहे. माझी टाकी आता दीड वर्षाची झाली. तिच्यात मऊ प्रवाळ आहेत, कठीण सांगाड्याचे आहेत, थोडे मासे आहेत आणि तिच्याखालची बरीचशी साधनं मी घरी बांधलेली आहेत. जे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगते.

फेब्रुवारी सगळा कागदांत गेला. टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची ठरवली, म्हणजे साधारण १८० लिटर. तिच्याखाली सम्प, म्हणजे हीटर, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं साधन), पंप वगैरे ठेवायची दुसरी, छोटी टाकी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून जड असतं, लिटरला सुमारे १.०२५ किलो. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चाळीस किलो, शिवाय खडक, वाळू, लोखंडी स्टँड. बेरीज साडेतीनशे किलोच्या घरात गेली, आणि हे सगळं अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर. घर भाड्याचं आहे, त्यामुळे घरमालकांना रीतसर पत्र दिलं: खोलीचा आराखडा, टाकीची जागा, वजनाची बेरीज. त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरची चिठ्ठी मागितली. इंजिनिअरने विचारलं ते नेमकं होतं: तुळई कुठून जाते, मागची भिंत भार पेलणारी आहे का, आणि स्टँड चार पायांवर उभा राहणार की सपाट चौकटीवर. चौकटीवर वजन पसरतं, पायांवर ते चार ठिपक्यांत एकवटतं. चौकट करायची आणि भार पेलणाऱ्या भिंतीला लागून ठेवायची, असं ठरलं. उत्तर यायला तीन-चार आठवडे लागले. ते लेखी घ्या, तोंडी होकारावर थांबू नका. पुढे कधी पाण्यावरून किंवा विम्यावरून प्रश्न निघाला तर तोच कागद कामाला येतो.

दुसरा कागद प्रवाळांचा. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस नावाचा करार आहे, १९७५ पासून लागू असलेला. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, मोठे शिंपले म्हणजे जायंट क्लॅमही येतात. सीमेपलीकडून आलेल्या तुकड्यामागे परवाना असावा लागतो आणि त्यावर एका अक्षरात त्याचा उगम लिहिलेला असतो: ‘डब्ल्यू’ म्हणजे समुद्रातून काढलेला, ‘सी’ म्हणजे बंदिस्त जागेत पैदास केलेला. त्याच्याही आधी आपण राहतो तिथला वन्यजीव कायदा वाचायला हवा. काही ठिकाणी प्रवाळ जवळ बाळगायलाच बंदी आहे, आणि तो कुणाच्या टाकीत वाढलेला असला तरी कायद्याला फरक पडत नाही. तसं असेल तर खाऱ्या पाण्याची फक्त माशांची टाकी करावी. मी टाकीत वाढवलेले तुकडेच घ्यायचे ठरवलं आणि विकणाऱ्याकडून कागदाची प्रत मागायची सवय लावून घेतली. प्रत द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून काहीही घेऊ नये, असं माझं मत आहे.

मार्चमध्ये सम्प बांधायला घेतला. इथून पुढे प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारत गेले: हे बिघडलं तर पाणी कुठे जाईल आणि जिवांचं काय होईल? साधन चालतं कसं हे पुष्कळ जण सांगतात. ते बंद पडतं कसं हे आधी कळलं, तर बांधणीच बदलते.

सम्पचंच घ्या. पाणी वरच्या टाकीच्या काठाजवळच्या दातेरी ओव्हरफ्लोमधून खाली येतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी खाली येतच राहतं: ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत, आणि रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर त्यातून उलटंही. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे चार लिटर. तीन सेंटिमीटर उतरलं तर बारा लिटर, पाइपमधलं दोन लिटर धरा, झाले चौदा. सम्प ६० × ३५ × ३५ चा, तिथे हेच चौदा लिटर सात सेंटिमीटर चढतात. म्हणून काठापासून दहा सेंटिमीटर खाली कायमच्या मार्करने रेघ मारली. चालू अवस्थेत पाणी या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली एक छोटं भोक पाडलं. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह बसवता येतो, पण खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचे थर बसतात आणि ती अर्धवट उघडी राहते. भोक मात्र दर आठवड्याला ब्रशने साफ करायचं.

आतल्या आडभिंतींच्या काचा कापून घेतल्या, कडा घासून घेतल्या. सिलिकॉन घेताना डब्यावर बुरशीरोधक असं काही लिहिलेलं नाही ना, ते पाहा. ते औषध प्रवाळांना विषारी असतं. व्हिनेगरसारखा वास येणारं शुद्ध सिलिकॉन चालतं. काच अल्कोहोलने पुसायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, सिलिकॉनची सलग रेघ सोडायची, बोटाने एकदाच गुळगुळीत करायची आणि ते ओलं असतानाच टेप काढायची. वरचा थर तासाभरात सुकतो, आतपर्यंत मुरायला दिवस लागतात. मी आठवडाभर हात लावला नाही. नंतर साधं पाणी भरून आणखी आठवडा ठेवला, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून. कागदावर डाग कुठे पडला ते लगेच दिसतं. सम्प कोरडा निघाला. ओव्हरफ्लोच्या पाइपच्या बल्कहेडमधून, म्हणजे काचेतून पाइप पार करणाऱ्या जोडातून, मात्र थेंब येत होता. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला असावा लागतो, तो तसा बसवून हाताने आवळल्यावर थांबला. पान्याने आवळलं तर काच तडकू शकते.

एप्रिलच्या मध्यावर खारं पाणी केलं. नळाचं पाणी चालत नाही. त्यातली सिलिका, फॉस्फेट आणि कधी तांबंही पुढे त्रास देतं, तांब्याने तर गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावलं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी साठवलं नाही. मीठ लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. समुद्राचा खारटपणा हजारात ३५ भाग असतो आणि २५ अंशांना त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२६ येतं. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबर असेलच असं नाही. ३५ चंच प्रमाणित द्रावण घेऊन त्यावर तो जुळवा.

मग वाट पाहण्याचा काळ. कोरडा खडक वापरला होता, त्यामुळे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू शून्यापासून वाढायचे होते. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) नेला आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहिले. अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट, आणि या दोन पायऱ्या वेगवेगळे जिवाणू करतात. दुसऱ्या पायरीवरचे उशिरा येतात. मे संपत आला तरी नायट्राइटची नळी जांभळी यायची आणि मन खचायचं. या काळात काहीच घडत नाहीसं वाटतं, रोज उठून रिकाम्या खडकांकडे बघायचं. दुकानातले बाटलीबंद जिवाणू आणून घाई करण्याआधी एवढं लक्षात घ्या की चार ते सहा आठवडे हे अगदी साधारण आहे. एका संध्याकाळी घातलेला २ पीपीएम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण संपला, नायट्राइटही शून्य, तेव्हा चक्र पुरं झालं. बरंचसं पाणी बदललं आणि पुढे निघाले.

या रिकाम्या आठवड्यांत ऑटो टॉप-ऑफ बांधलं. टाकीतून रोज पाणी उडून जातं, माझ्याकडे सुमारे तीन लिटर. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून भरही गोड्या पाण्याची घालायची. ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, पाण्याच्या पातळीवर चालणारे दोन फ्लोट स्विच, बारा व्होल्टचा छोटा पंप आणि तो चालू-बंद करणारा मॉसफेट, एवढंच सामान. पहिला स्विच नेहमीची पातळी सांभाळतो, दुसरा त्याच्या दोन सेंटिमीटर वर बसतो आणि पंपाची वीजच तोडतो. हा दुसरा स्विच बोर्डातून न नेता थेट पंपाच्या वायरीत घातला आहे, म्हणजे प्रोग्राम अडकला तरी तो आपलं काम करतो. प्रोग्राममध्ये पंप एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू नये अशी मर्यादा घातली, कारण फ्लोटवर गोगलगाय चढून बसते, ही गोष्ट खरंच घडते. शेवटचा बंदोबस्त सगळ्यात साधा: गोड्या पाण्याचा डबा दहा लिटरचाच ठेवला. सगळं एकदम बिघडून डबा पूर्ण रिकामा झाला तरी माझ्या दोनशे लिटरमध्ये खारटपणा ३५ वरून ३३.३ वर येईल. प्रवाळ रुसतील, मरणार नाहीत. पन्नास लिटरचा डबा सोयीचा असतो, तीन दिवसांनी भरावा लागत नाही. पण मला ती सोय नको. नळीचं तोंड सम्पच्या पाण्याच्या वर लटकतं ठेवा, नाहीतर सायफन होऊन खारं पाणी डब्यात किंवा गोडं पाणी सम्पमध्ये आपोआप वाहत राहतं.

घरगुती वीजपुरवठ्यावर चालणारं काहीही मी बांधलं नाही आणि बांधा असंही सांगणार नाही. हीटरचा कंट्रोलर तयार घेतला, सॉकेटला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला, प्रत्येक वायरीला सॉकेटखाली झोळ दिला, म्हणजे ओघळ आला तर तो झोळाच्या तळाशी टपकतो, प्लगपर्यंत जात नाही. एका मोठ्या हीटरऐवजी अर्ध्या ताकदीचे दोन लावले. हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू स्थितीत अडकतो. अर्ध्या ताकदीचा अडकला तर पाणी हळू तापतं, लक्ष जायला वेळ मिळतो. कंट्रोलर २५.५ अंशांवर, हीटरचे स्वतःचे थर्मोस्टॅट त्याहून एक अंश वर. तापमानाच्या नोंदीसाठी डीएस१८बी२० सेन्सर वापरला, पण त्याची स्टीलची टोपी खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर दिला.

जूनमध्ये दिवे लागले आणि खडक तपकिरी झाले. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाल. मग हिरवं केसाळ शेवाळ. बघवत नाही, पण नव्या टाकीत हे होतंच. ट्रोकस जातीच्या गोगलगायी सोडल्या, त्या उलट्या पडल्या तरी स्वतः सुलट्या होतात. शेवाळ पाहून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा मोह होतो, तो आवरा. दोन्ही शून्यावर गेलं की डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुड्यांचे तार फोफावतात आणि त्यांना घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड असतं. मी नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या जवळ ठेवते.

दिवा घरीच जुळवला: अॅल्युमिनियमचा हीटसिंक, ४५० नॅनोमीटरचे रॉयल ब्लू एलईडी, थोडे थंड पांढरे, कमी व्होल्टचे कॉन्स्टंट-करंट ड्रायव्हर. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि अन्नाचा मोठा वाटा तेच पुरवतं, त्याला निळा प्रकाश मानवतो. पार म्हणजे शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप; मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुरतो, अॅक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्यांना २०० ते ३५० लागतो. पार मीटर महाग असतो, तो चार दिवसांसाठी भाड्याने किंवा उसना मिळवून वाळूपासून खडकाच्या टोकापर्यंतचे आकडे एका चित्रावर लिहून ठेवले. अजून तेच चित्र वापरते. तीव्रता ४० टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडी वाढवली.

पहिले प्रवाळ जुलैअखेर आले: मशरूम, एक लेदर कोरल आणि झोअँथिडचा छोटा तुकडा. झोअँथिड आणि त्यांचे जवळचे नातेवाईक पॅलिथोआ यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं. यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ते वेगळं केलं, आणि ज्ञात विषांतल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. तुकडे करताना हातमोजे आणि गॉगल हवेतच, चेहरा जवळ नेऊ नका, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. वाफेतून ते फुप्फुसात जातं. माझ्याकडे मुलं येतात, म्हणून झोअँथिडचा खडक मागच्या कोपऱ्यात आहे आणि टाकीला झाकण आहे.

प्रत्येक नवा तुकडा आधी औषधी पाण्यात बुडवून हलवायचा, चपटे किडे गळून पडतात. मग तो ज्या गोल बुडख्यावर आला ते बुडखं कापून टाकायचं, कारण अंडी औषधाने मरत नाहीत आणि ती बहुधा तिथेच असतात. नव्या बुडख्यावर सुपरग्लूच्या जेलने चिकटवायचा. मासे सप्टेंबरमध्ये आले, तेही वेगळ्या टाकीत कित्येक आठवडे ठेवून. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, प्रवाळ आणि गोगलगायी त्यात टिकत नाहीत.

वर्ष उलटल्यावर माँटिपोरा आणि हॅमर कोरल हे कठीण सांगाड्याचे प्रवाळ वाढू लागले आणि पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः कार्बोनेटमुळे येणारी आम्ल पचवायची ताकद, रोज उतरायला लागली (ती डीकेएच या एककात मोजतात). सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात जातात: अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम सुमारे २० पीपीएम उतरतं. इथे दोन रस्ते आहेत. एक चुन्याच्या निवळीचा, जो पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं आणि निवळी टॉप-ऑफच्या पाण्यातूनच देता येते. स्वस्त आणि सुंदर पद्धत आहे. तरी मी ती घेतली नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. माझा दहा लिटरचा डबा बिघाडात रिकामा झाला तर आज फक्त खारटपणा थोडा उतरतो, निवळी असती तर पीएचही उसळला असता. एका बिघाडाचे दोन बिघाड मला नको होते.

दुसरा रस्ता दोन द्रावणांचा. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांची कृती जगभर वापरली जाते. लिटरमध्ये सुमारे १३२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट हे एक. दुसरं, १५७ ग्रॅम खायचा सोडा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर भाजून एक लिटर पाण्यात. भाजताना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा उरतो. पुरेसं भाजलं की नाही हे तराजू सांगतो: १५७ ग्रॅमचे ९९ ग्रॅम उरायला हवेत. पाणी घालताना कॅल्शियम क्लोराइड चांगलंच तापतं, त्यामुळे थोडं थोडं घाला, काचेची बरणी नको.

डोस ठरवायला आधी काही न घालता तीन दिवस एकाच वेळी अल्कलिनिटी मोजली: ८.४, ७.९, ७.४. रोज अर्धा डीकेएच. दोनशे लिटरला त्यासाठी सोड्याचं सुमारे १९ मिलिलिटर लागतं, कॅल्शियमचंही तेवढंच. स्टेपर मोटरवर चालणारे दोन पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे नळी दाबून थोडं थोडं द्रव ढकलणारे, त्याच जातीच्या बोर्डाला जोडले. हाच माझा डोसर. दिवसाचा डोस लहान लहान हिश्शांत जातो आणि दोन द्रावणांमध्ये अर्धा तास जाऊ देते, नाहीतर ती पाण्यात एकमेकांना भेटून पांढरा साका होतो. बाटल्यांत चार दिवसांपुरतंच द्रावण भरते. पंप अडकून सगळी बाटली ओतली गेली तरी अल्कलिनिटी दोन डीकेएच चढेल. लिटरभर भरून ठेवलं असतं तर हाच आकडा २६ झाला असता. नैसर्गिक समुद्रात ती ७ च्या आसपास असते, मी ८ ते ८.५ मध्ये ठेवते. आकडा नेमका किती यापेक्षा तो हलत नाही, याला प्रवाळ जास्त जपतात.

खर्चाचं एवढं सांगते की दिवा आणि खडक यांत सुरुवातीचा सर्वांत मोठा वाटा गेला, आणि हाताने बांधलेल्या साधनांनी जे वाचलं ते बरंचसं चाचणी संचांत खर्ची पडलं. मीठ, रेझिन आणि वीज हे दर महिन्याचं आहे, ते आधी बेरजेत धरा. पाण्याचा नमुना वर्षातून एक-दोनदा आयसीपी चाचणीसाठी, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी, पाठवते. अहवाल यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यात तांबं, कथील, अॅल्युमिनियम यांचे आकडे येतात, जे घरी इतक्या बारकाईने मोजता येत नाहीत.

गेल्या महिन्यात प्रथमच टाकी दुसऱ्याच्या हाती सोपवून आठवडाभर बाहेर गेले. जाण्याआधी काय केलं ते सांगते, कारण याबद्दल विचारणा फार होते. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून टाकीत कोणताही बदल केला नाही, नवा जीव नाही, नवं साधन नाही. वीज गेली तर सहा-आठ तासांत माशांना प्राणवायू कमी पडू शकतो, म्हणून एक छोटा प्रवाहाचा पंप बॅटरीवर जोडला आणि मुद्दाम मुख्य स्विच पाडून तो चालतो का ते पाहिलं. माशांचं खाणं रोजच्या छोट्या डब्यांत वेगळं भरलं, डबीवर वार लिहिला. सांभाळणाऱ्यासाठी एका कागदावर चार ओळी: तापमान २४ ते २७ च्या बाहेर गेलं तर फोन, सम्पचं पाणी रेघेच्या वर दिसलं तर रिटर्न पंपाचा निळा प्लग काढा, टॉप-ऑफचा डबा तीन दिवसांनी ‘गोडं’ लिहिलेल्या कॅनमधून भरा, डोसरच्या बाटल्यांना हात लावू नका. त्या चार दिवसांनी रिकाम्या झाल्या आणि उरलेले तीन दिवस अल्कलिनिटी रोज अर्ध्याने उतरली. परत आले तेव्हा ती ६.९ होती. एकदम वर न नेता रोज अर्धा डीकेएच जास्तीचा देऊन आणली, आणि त्याच आठवड्यात मोठ्या सुट्टीसाठी आठ दिवसांच्या बाटल्या करायच्या का, याचा हिशेब मांडला. अडकलेला पंप चार डीकेएच चढवेल. त्यापेक्षा तीन दिवसांचा उतार परवडतो, म्हणून बाटल्या आहेत तशाच ठेवल्या.